भरतीच्या नदीवर शिडाची होडी: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी दोन दिवसांच्या सहलीची तयारी

आपल्या तापीला भरती येते, पण आपल्याकडे नाही. मुलताईहून निघालेली ही नदी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत सातशे किलोमीटरहून जास्त पळते. समुद्राचं पाणी तिच्यात शिरतं ते थेट सुरतेला, आणि तिथेही १९९५ साली बांधलेल्या सिंगणपूरच्या बंधाऱ्याशी ते अडतं. त्यामुळे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला नदी एकाच दिशेने वाहताना बघायची सवय असते. दिवसातून दोनदा उलटी फिरणारी नदी डोळ्यांनी पाहिली तरी मनाला पटकन पटत नाही, आणि शिडाच्या होडीत बसल्यावर सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

'तापीचंच मुख आहे, चला सुरतेला' असं कोणीतरी म्हणतंच. गाडीही सोयीची आहे. तरी पहिल्या सहलीला तिकडे जाऊ नका. तापी जिथे समुद्राला मिळते तिथून वर खंभातचं आखात सुरू होतं, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्या तिथल्या. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या पुढे जातो. हजिरा-मगदल्ल्याला मोठ्या जहाजांची ये-जा असते. नवशिक्याचं ते पाणी नाही. कोकणातली खाडी घ्या. मी इथे सावित्रीचं उदाहरण धरून लिहितोय: महाबळेश्वरला उगम, महाडवरून खाली, आंबेत-म्हाप्रळच्या पुलाखालून जाऊन बाणकोटला समुद्र. पात्र रुंद, दोन्ही काठांना गावं, आणि भरती बाणकोटपासून कित्येक किलोमीटर आत येते. दाभोळची वाशिष्ठी घेतली तरी पुढचं सगळं तसंच लागू पडेल.

आधीच एक सांगतो. हा लेख ज्याने निदान एक प्राथमिक कोर्स केला आहे, त्याच्यासाठी आहे. मुंबईच्या बंदरात आणि पुण्याकडच्या धरणांवर शिडाची होडी शिकवतात. तो कोर्स झाला नसेल तर सोबत स्थानिक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा जाणता खलाशी, घ्या आणि सुकाणू त्याच्या हातात राहू द्या.

तारीख कॅलेंडरवरून काढा

बहुतेक लोक आधी सुट्टी बघतात, मग होडी ठरवतात आणि भरतीची वेळ काठावर पोचल्यावर विचारतात. हा क्रम उलटा करा. दोन दिवस सुखाचे जाणार की वल्ही मारून खांदे उतरणार, हे तारखेवर ठरतं.

भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, म्हणून रोज ती ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो: चढउतार कमी, प्रवाह मवाळ. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा की तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिथी शुक्ल पक्षातली असो की वद्य पक्षातली, हिशेब तोच. वेळ अंदाजाची असते आणि मुखाजवळची असते. नदीत जितकं वर जाल तितकी ती उशिरा. पक्की वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. पण तीन महिने आधी तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता अष्टमी, नवमी, दशमी बघा. पाऊणपटीने पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसात. म्हणजे ओहोटी सकाळभर चालणार, दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान पाणी तळाला जाणार आणि तिथून संध्याकाळपर्यंत भरती. उन्हाळ्याच्या तोंडाला कोकणातला वाराही तसाच चालतो. सकाळी जमिनीकडून हलका वारा, नऊ-दहाच्या पुढे तो पडतो, आणि दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा-वायव्येचा जोरदार वारा सुटतो. मग खाडीत वरच्या बाजूच्या गावातून निघालं तर सकाळी ओहोटी आणि जमिनीचा वारा मिळून तुम्हाला खाली नेतात, दुपारी भरती आणि समुद्राचा वारा मिळून परत आणतात. प्रवाह भांगाचे असल्याने चुकलं तरी पाणी फार ओढत नाही. म्हणून माझ्या मते पहिल्या सहलीला अष्टमी ते दशमीच्या आसपासचा शनिवार-रविवारच घ्यावा. महिन्यातून दोनदा अष्टमी येते, त्यातली एखादी तरी सुट्टीच्या आसपास सापडते.

याउलट पौर्णिमेचा शनिवार घेतला तर दुपारी साडेअकरा-बाराला पूर्ण भरती आणि दुपारभर उधाणाची ओहोटी. पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत घुसतोय. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक होतात. एरवी ज्या वाऱ्यात मजा आली असती त्याच वाऱ्यात होडी आपटायला लागते आणि पाणी आत येतं. मुखाशी वाळूचे उथळ पट्टे असतात, तिथे तर या लाटा फुटतातही. पौर्णिमेचं चांदणं सुंदर असतं हे मान्य, पण ते काठावर बसून बघा.

महिने म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी सौम्य, मार्च ते मेच्या मध्यापर्यंत वाऱ्याचे. त्यानंतर नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यातली सावित्री काय करते हे २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा जुना पूल वाहून गेला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आहे.

वाऱ्याचा आकडा वाचायला शिका

वारा आपल्याला नवा नाही. मे-जूनमध्ये वावधन सुटलं की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, आणि साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. बागेच्या कडेने वारा अडवायला शेवरी लावणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: सरासरी वारा नुकसान करत नाही, झोत करतो. होडीतही तेच. हवामानाच्या अंदाजात दोन आकडे असतात, वाऱ्याचा वेग आणि झोताचा वेग. निर्णय दुसऱ्यावर घ्या.

वेग 'नॉट'मध्ये दिलेला असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ११ ते १६ नॉटमध्ये पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. लहान होडीला हा भरपूर वारा झाला. १७ ते २१ मध्ये सगळीकडे तुरे दिसतात. नवशिक्याने शीड लहान करूनच जायचं किंवा जायचंच नाही. २२ च्या पुढे काठावर चहा. आकडा दुप्पट झाला म्हणजे जोर दुप्पट झाला असं समजू नका. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहाचे वीस नॉट झाले की दाब चौपट, आणि नुसत्या चौदाला तो जवळजवळ दुप्पट झालेला असतो. 'थोडा वाढलाय' म्हणता म्हणता होडी आडवी होते ती यामुळे.

सावित्रीसारख्या खाडीत दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. डोंगराआड वारा गेल्यासारखा वाटतो आणि एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी आलात की तो खिंडीतून धाडकन येतो. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसतो, तोच झोत. तो पोचण्याआधी मेनशीट हातात मोकळी हवी. मेनशीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, वाऱ्यात कधीही पक्की बांधून ठेवायची नाही.

गावी करायची तयारी

आपल्यातले पुष्कळ जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. ते चांगलंच, पण विहिरीत कधी कपडे घालून, लाइफ जॅकेट चढवून पोहला आहात? एकदा पोहून बघा. जॅकेट घालून उपडं झाल्यावर सरळ होता येतं का, श्वास कसा धरावा लागतो, हे काठावर माणसं उभी असताना कळलेलं बरं. जॅकेटचे खांदे धरून दुसऱ्याने वर ओढायचं. ते कानापर्यंत सरकलं तर माप चुकलं. पोटाचा फुगा असलेल्यांनी पायातून घ्यायचा पट्टा असलेलंच जॅकेट घ्यावं.

गाठी घरी बसून शिका. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला दोर आवळता येतो, पण होडीवर आवळण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं असतं. बोलाइन ही न सरकणाऱ्या फासाची गाठ आणि क्लीटवर, म्हणजे होडीवरच्या खुंटीवर, दोर अडकवायची रीत, एवढ्या दोन जरी अंधारात जमल्या तरी पुष्कळ.

सामानाचं फार सांगत बसत नाही. प्रत्येकी जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी, दोन वल्ही, पाणी उपसायला दोरीने बांधलेला डबा, चाकू, टॉर्च, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, माणशी चार लिटर पाणी. नांगर आणि त्याचा दोर मात्र जातीने तपासा. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, आणि खोली म्हणजे आत्ताची नव्हे, भरतीत होणारी. आत्ता दोन मीटर पाणी आहे आणि अजून दोन मीटर चढणार असेल तर हिशेब चार मीटरचा, म्हणजे वीस मीटर दोर. जीन्स घालू नका, भिजली की अंगाला जड होते. पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसालाही पाण्यावरचं ऊन फसवतं, कारण वाऱ्यात ते जाणवत नाही; पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी. भाकरी दुपारपर्यंत वातड होते. भरिताचा बेत मुक्कामी ठेवा.

काठावरच्या एका माणसाला, शक्यतो जिथे मुक्काम आहे त्या घरच्याला, कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार ते सांगून जा. फोनमध्ये ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक ठेवा. खाडीच्या काही वळणांवर रेंज नसते, म्हणून काठावरचा माणूस जास्त कामाचा.

शनिवार

भुसावळ-जळगावहून शुक्रवारी रात्रीची गाडी धरून कल्याण-पनवेल, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगावच्या पुढे आंबेतकडे, असं गेलं तर शनिवारी सकाळी खाडीवर पोचता येतं. पण रात्रभर बसून आलेल्या माणसाने त्याच सकाळी वाऱ्यात शीड उभारू नये. शुक्रवारी अर्धी रजा टाका आणि मुक्कामी झोपा.

सकाळी धक्क्यावर पहिलं काम म्हणजे मासेमारांशी बोलणं. तीन गोष्टी विचारा. इथे पाणी किती वाजता फिरतं, जाळ्यांचे खांब कुठे आहेत, आणि कुठल्या काठाला चिखलाचा उंचवटा आहे? 'काका, कालचा वारा किती वाजता सुटला होता?' हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण समुद्राचा वारा बऱ्याचदा लागोपाठच्या दिवशी जवळपास त्याच वेळेला येतो. काका 'आज जाऊ नका' म्हणाले तर हुज्जत घालू नका.

आठच्या सुमाराला निघा. ओहोटी तुमच्या बाजूने आहे. होडी पाण्यातून चार नॉटने चालते आणि प्रवाह दोन नॉटचा आहे असं धरलं, तर खाली जाताना काठाच्या मानाने तुम्ही सहाने जाता, आणि त्याच प्रवाहात वर यायचं म्हटलं तर फक्त दोनने. तासाभरात गेलेलं अंतर परत कापायला तीन तास! म्हणून वेग बघायचा तर पाण्याकडे नाही, काठाकडे बघा. मागचं एक झाड आणि त्याच्या मागचं देऊळ अशा दोन खुणा धरा. त्या एकमेकींच्या मानाने कशा सरकतात त्यावरून खरी गती कळते.

खोल पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतं, आतल्या अंगाला गाळ. ओहोटीत आतला काठ टाळा. ओहोटीत होडी रुतली तर तुमच्याकडे फक्त काही मिनिटं असतात. शीड लगेच सोडा, सेंटरबोर्ड (होडीच्या मधोमध पाण्यात सोडलेली उभी फळी) वर घ्या, सगळे एका बाजूला झुका आणि वल्ह्याने आल्या वाटेने मागे ढकला. नाही निघाली तर पाणी परत येईपर्यंत बसा. चिखलात उतरून चालत काठ गाठायचा प्रयत्न करू नका. मांडीपर्यंत पाय जातो आणि निघत नाही. भरतीत रुतलात तर नांगर टाका, डबा उघडा, जेवण होईपर्यंत पाणी तुम्हाला उचलेल.

बागमांडला-वेश्वी दरम्यान गाड्या नेणारी फेरीबोट चालते. तिला लवकर वळता येत नाही. तिच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं. पहिल्या दिवशी तिथवर जाण्याचीही गरज नाही. मुखापासून बऱ्याच अलीकडे, साडेअकराच्या सुमाराला, आडोशाच्या काठाला नांगर टाका आणि जेवून घ्या. वरून विजेच्या तारा किंवा पूल असेल तर भरतीच्या पाण्यावर डोलकाठी किती वर जाते याचा हिशेब आधी करा. सकाळी खालून गेलात म्हणून संध्याकाळीही जाल असं नाही.

शीड आखडायचं, म्हणजे लहान करायचं, ते इथेच, दुपारच्या वाऱ्याची वाट न बघता. होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, मेनशीट पूर्ण सोडा. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, थोडा ढिला करून शीड एवढं खाली घ्या की पुढच्या कडेचं रीफचं (शीड आखडण्यासाठीचं) कडं बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, आकड्यात अडकेल. ते अडकवा आणि हॅलयार्ड परत ताणा, पुढच्या कडेला सुरकुती राहता कामा नये. मग मागच्या टोकाचा रीफचा दोर मागे आणि खाली असा दोन्हीकडे ओढा. इथे लोक आळस करतात, शिडात पोट राहतं आणि लहान केलेलं शीडही होडी कलंडवायला पुरतं. खाली लोंबणारं कापड सैल बांधा; आवळून बांधलं तर शीड तिथेच फाटतं. वारा आला नाही तर आखडलेलं शीड मोकळं करायला दोन मिनिटं लागतात. उलटं काम उभ्या लाटांत करून बघण्यासारखं नाही.

दीड-दोनला पाणी फिरलेलं दिसेल: नांगरावरची होडी गरकन तोंड फिरवते, फेस आणि पाचोळा वरच्या बाजूला सरकू लागतो. आता वारा आणि भरती दोन्ही मागून. हा टप्पा सोपा वाटतो आणि म्हणूनच घोटाळे इथे होतात. मागून वारा असताना सगळं शांत भासतं, खरा जोर कळत नाही. सुकाणू किंचित चुकलं की बूम एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फिरतो आणि मध्ये डोकं असेल तर फुटतं. त्यामुळे वारा अगदी पाठीमागून न घेता थोडा तिरका घ्या. दिशा बदलायची झाली तर बूम मागून फिरवण्यापेक्षा वाऱ्याकडे पूर्ण वळसा घालून शीड पालटा. जास्त जागा लागते, पण खाडी रुंद आहे. एकाने सतत मागे बघत झोत सांगायचे. आमच्याकडच्या पद्धतीने 'आला रे भो' एवढं ओरडलं तरी चालतं.

धक्क्याशी वारा पाठीवर घेऊन कधीच येऊ नका. दोनशे मीटर आधी तोंड वाऱ्याकडे करा, मोठं शीड पूर्ण उतरवा आणि वल्ह्यांनी या. होडी बांधताना पाणी अजून किती चढणार, मग किती उतरणार ते बघून दोर सैल ठेवा. आखूड बांधलेली होडी भरतीत एका टोकाने बुडते आणि ओहोटीत धक्क्याला लटकते.

उलटलीच तर

आधी डोकी मोजा. सगळ्यांनी होडीला धरून राहायचं. काठ जवळ दिसतो, पण प्रवाह तुम्हाला तिरकं नेतो. पोहत निघालेला माणूस शोधायला अवघड, उलटलेली होडी लांबून दिसते. मेनशीट मोकळी करा. एकाने पुढचं टोक धरून होडीचं तोंड वाऱ्याकडे राखायचं, दुसऱ्याने सेंटरबोर्डवर चढून मागे झुकायचं. होडी उभी राहिली की एकेकाने मागच्या बाजूने चढायचं आणि पाणी उपसायचं. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा, होडीवर चढून बसा, शिट्टी वाजवा. दमलेल्या माणसाचा तिसरा प्रयत्न घातक.

रविवार

पाणी ५० मिनिटं पुढे सरकलेलं असतं, म्हणजे दुपारची भरती आणखी उशिरा येणार आणि तिची वाट बघत बसलात तर रात्रीची गाडी चुकेल. म्हणून रविवारी लांब जाऊ नका. नऊला निघा, ओहोटीबरोबर तासभर खाली जा. वारा पडायच्या आत, निदान दहाच्या सुमाराला, परत फिरा. परतताना उरलेली ओहोटी अंगावर येईल. प्रवाह मधल्यापेक्षा काठाजवळ मंद असतो, तेव्हा तळ सांभाळत काठाने चढा आणि वारा मेला तर वल्ही आहेतच. प्रवाहाविरुद्ध किती वेळ लागतो हे प्रत्यक्ष कळण्यासाठी ही दोन-तीन तासांची फेरी शनिवारपेक्षाही उपयोगी आहे.

निघण्याआधी काठावरच्या माणसाला 'आलो' सांगायला विसरू नका, नाहीतर तो संध्याकाळी शोधायला होडी काढेल. घरी पोचल्यावर जॅकेट, दोर आणि आकडे गोड्या पाण्यात बुचकळून काढा, कारण मीठ राहिलं तर बकल अडकतात आणि दोर ताठ होतो. आणि वाळवायचं ते सावलीत. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकलेलं नायलॉन लवकर कुजतं.